अर्धी साखळी

मोजणीला आलेल्या माणसाला सकाळी दोन्ही बांधांवरून चहा येतो. दुपारनंतर एकाच बांधावरून येतो, आणि संध्याकाळी कधी कधी पाणीही मागून घ्यावं लागतं. शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांत मी नोकरीची बहुतेक वर्षं जमिनी मोजण्यात घालवली. एवढ्या वर्षांत दोन्ही शेजारी एकाच वेळी माझ्यावर खूश झाले, असं एकदाच घडलं. तेही धड खूश म्हणता येईल की नाही, शंका आहे.

संपादकांनी ‘नोकरीतल्या गमती’ लिहायला सांगितलं आहे. गमती पुष्कळ आहेत. पण या वैशाखात किसनमामा गेले. तेव्हापासून लिहायला बसलो की प्रत्येक गमतीच्या कडेला तेच उभे दिसतात, हातात साखळीचं टोक धरून. म्हणून त्यांना टाळून लिहिणं जमत नाही. रोज दहा-बारा ओळींपुढे हात चालत नाही, हेही खरं.

किसनमामा आमच्या कचेरीत साखळी धरायला होते. हुद्द्याने मी साहेब, वयाने ते माझ्या वडिलांच्या जवळपासचे. मी त्यांना मामा म्हणे, ते मला साहेब म्हणत, आणि चुकलो तर तेच सांगत.

बाहेरच्या लोकांना वाटतं, मोजणी म्हणजे फीत लावून लांबी-रुंदी काढणं. तसं नसतं. आपल्या जमिनी इंग्रजांच्या काळात एकदा मोजल्या गेल्या. तेव्हाच्या हाताने काढलेल्या आकृत्या, अंतरं लिहिलेल्या, अजून दप्तरात आहेत. त्यांना टिपण म्हणतात. आमचं काम त्या जुन्या माणसाने काय मोजलं होतं, ते जागेवर पुन्हा शोधून काढण्याचं. त्यासाठी अशा खुणा लागतात, ज्या तेव्हा होत्या आणि अजून तिथेच आहेत. त्या धरून फलकावर कागद ताणायचा, पितळी पट्टीतून नेम धरून रेषा ओढायच्या, साखळीने अंतरं घ्यायची आणि हरवलेला कोपरा गाठायचा. सगळी विद्या एका प्रश्नात आहे. कोणता दगड हलला नाही?

साखळी तेहतीस फुटांची. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद जागा म्हणजे एक गुंठा. कचेरीच्या ओट्यावर दोन खिळे ठोकलेले होते, त्यांच्यात नेमकं एका साखळीचं अंतर. वापरून कड्या झिजतात आणि साखळी वाढते, म्हणून ती अधूनमधून तपासायची असते. मामा रोज सकाळी तपासत.

“मामा, काल तर बघितली होती,” मी म्हणे.

“काल बघितली ती कालच्यापुरती, साहेब.”

हाच माणूस शेतात पहिली साखळी टाकण्याआधी वाकून मातीला हात लावी आणि तो कपाळाला नेई. वाटेत जो देव दिसेल त्याला, चालता चालता का होईना, नमस्कार करी. देवावर विश्वास ठेवणारा हा माणूस साखळीवर मात्र एक दिवसही विश्वास ठेवत नसे. हे विचित्र आहे, एवढंच तेव्हा मला वाटायचं.

आमच्या घरात देव नव्हते. मी जन्मायच्या आधीच वडिलांनी देव्हाऱ्यातले टाक फडक्यात बांधून भीमेत सोडले होते. आजीने त्यावरून आठवडाभर अन्न सोडलं होतं, असं आई सांगायची. ज्या देवळांची पायरी आम्हाला चढू दिली नव्हती, त्यांतल्या देवांशी वडिलांनी संबंध तोडला, आणि बुद्धाची एक तसबीर तेवढी भिंतीवर लावली. ते चौथीपर्यंत शिकलेले होते, पण एक वाक्य त्यांनी आमच्याकडून घोटून घेतलं: कुणी सांगितलं म्हणून खरं धरू नकोस, जाऊन बघ. त्या ‘जाऊन बघ’च्या जोरावर मी शिकलो, दौंडच्या वाचनालयातली पुस्तकं वाचली आणि नास्तिक झालो. ते मी कधी लपवलं नाही, आणि आजही त्यात फरक पडलेला नाही.

एसटीची वाट पाहताना मी मामांशी वाद घाली. एकदा म्हणालो, “मामा, माणसाचा मान मी ठेवतो. पण त्याच्या डोक्यातल्या गोष्टीला पुरावाच नसेल, तर त्या गोष्टीचा मान कशासाठी ठेवायचा?”

मामा तंबाखू मळत होते. “नका ठिवू. म्या कुटं मागितला?”

वाद तिथेच संपला. मामांशी वाद घालणं म्हणजे कापसाच्या गाठोड्यावर लाथ मारणं.

आता तळेगाव ढमढेऱ्याजवळची गोष्ट सांगतो, कारण पुढच्या चुकीचं बी तिथे पडलं.

उसाच्या दोन फडांमधला बांध मोजायचा होता. नोटीस देऊन पंधरा दिवसांनी आम्ही गेलो, तर बांधाच्या चार हात पलीकडे, शेजाऱ्याच्या उसात, एक देव उगवलेला. शेंदूर, हळदकुंकू, लिंबू, सगळं यथासांग. अर्जदार म्हणाला, “आमच्या पंज्यापासून हाय, साहेब. हाच आमचा कोपरा. देव स्वयंभू हाय.”

मी बोट लावलं, तर बोटाला शेंदूर आला. मामांना म्हटलं, जरा कलता करा. मामांनी आधी नमस्कार केला आणि मग पहारीने दगड कलता केला. खाली गवत होतं, पिवळं पडलेलं पण अजून जिवंत. आणि देवाच्या मधोमध आरपार भोक होतं.

“स्वयंभू आहे,” मी म्हणालो, “पण याला दाणे टाकायची जागा आहे.”

ते जुन्या जात्याचं पाळं होतं. बांधावरची माणसं हसून हसून खाली बसली. मामा अर्जदाराला म्हणाले, “देवाचं ऱ्हाऊ दे बाबा, पण जातं तरी घरच्या बाईला इचारून आणायचं हुतं.” अर्जदारही शेवटी हसला आणि घरात जाऊन चहा सांगून आला.

ही गोष्ट मी कचेरीत बऱ्याच वेळा सांगितली. सांगता सांगता माझ्या मनाशी एक नियम पक्का झाला, की शेताच्या कडेला शेंदूर दिसला की समजायचं, कुणीतरी लबाडी केली आहे. एका खोट्या देवावरून मी सगळ्या शेंदराचा निकाल लावला. असं एखाद्या भाविकाने एका नवसावरून केलं असतं, तर मी त्याला सोडला नसता.

त्यानंतर दोनेक वर्षांनी दौंड तालुक्यातली मोजणी आली. खुटबाव स्टेशनावर उतरून आत दोन-तीन मैल चालत जायचं. वाडीचं नाव लिहीत नाही, आणि माणसांचीही खरी नावं लिहीत नाही. पूर्वेला कच्च्या रस्त्यापर्यंत आप्पांचं रान. आप्पा म्हणजे गावातलं मोठं प्रस्थ, सोसायटीत वजन. पश्चिमेला नाल्यापर्यंत हौसाबाईंचं रान. हौसाबाई विधवा, पन्नाशीच्या, मुलगा कुरकुंभला कंपनीत. दोन्ही रानांच्या मधला बांध नांगरून नांगरून नाहीसा झाला होता, आणि भांडण त्याचंच होतं. बांध जिथे असावा त्याला लागूनच हौसाबाईंची विहीर. तीच त्यांची एकुलती विहीर. सगळा मळा तिच्यावर.

बाभळीखाली म्हसोबा होता. शेंदूर आणि तेलाचे थर चढून चढून त्याला मूळचा काही आकार राहिला नव्हता. भोपळ्याएवढा केशरी गोळा, आणि त्यावर चांदीचे दोन डोळे.

हौसाबाई म्हणाल्या, “सायेब, कोपरा म्हंजी म्हसोबाच. सासू सांगायची, म्हसोबाच्या नाकासमोर बांध.”

“बाई, नकाशात म्हसोबा नाही,” मी म्हणालो.

मामांनी साखळीचं टोक उचललं. “साहेब, एकडाव देवापासनं टाकून तर बघू. काय जातंय?”

माझ्या डोक्यात तळेगावचं जातं फिरत होतं. मी म्हणालो, “देवापासून साखळी टाकली तर ती वैकुंठाला जाईल, मामा. बांधाला नाही यायची.”

आप्पांची माणसं खो खो हसली. आप्पांनी मला पान पुढे केलं. हौसाबाई हसल्या नाहीत. मी खूश होतो.

टिपणात त्या कोपऱ्यावर दगड उभा केल्याची खूण होती. मी पंचनाम्यात लिहिलं, ‘कोपऱ्याचा दगड जागेवर मिळून आला नाही.’ हे वाक्य मी म्हसोबापासून दहा पावलांवर बसून लिहिलं.

रस्त्याच्या कडेचे दोन दगड मी पक्के धरले. घडीव होते, स्वच्छ होते, त्यांना शेंदूर नव्हता. तिथून टिपणाप्रमाणे बारा साखळ्या मोजून कोपरा बसवला. तो म्हसोबाच्या अर्धी साखळी पश्चिमेला पडला, म्हणजे साडेसोळा फूट हौसाबाईंच्या रानात. बांधाची लांबी आठ साखळ्या. म्हणजे चार गुंठे आप्पांकडे गेले, आणि त्या चार गुंठ्यांत विहीर गेली.

पडताळा म्हणून मी रस्त्यापासून नाल्याच्या दगडापर्यंत एकूण अंतर घेतलं. टिपणात बावीस साखळ्या होत्या. भरल्या साडेएकवीस.

इथे थांबायला हवं होतं. आमच्या धंद्यात फरक आला की तो लिहून ठेवायचा आणि खुणा पुन्हा तपासायच्या. पण ऊन चढलं होतं, कोपरा बसला होता, आणि स्वतःची हुशारी नुकतीच सगळ्यांना आवडली होती. मी मनाशी म्हणालो, नाल्याच्या पाण्याने तिकडचा दगड सरकवला असेल. फरक नोंदवलाच नाही.

संध्याकाळी खुटबावच्या फलाटावर शटलची वाट पाहत बसलो होतो. मामांनी साखळी घडी करून पिशवीत घातली. मग म्हणाले, “साहेब, अर्धी साखळी कुटं गेली?”

“नाल्याने दगड खेचला असेल, मामा.”

“पाणी खालच्या अंगाला खेचतंय. अंतर कमी भरायचं म्हंजी दगड रानात, चढावर सरकाया पायजे. पाणी कवाधरनं चढ चढाया लागलं?”

 गाडी आली म्हणून सुटलो.

त्या प्रश्नाने मला पुढचे दोन महिने सोडलं नाही. तरी मी काही केलं नाही, हेही लिहिलं पाहिजे. मी मनात निरनिराळी कारणं तयार करत राहिलो: जुन्या मोजणीदाराने चूक केली असेल, त्याची साखळी वाढलेली असेल. पुरावा माझ्या दाराशी येऊन उभा होता आणि मी त्याला दर वेळी नवं कारण सांगून परत पाठवत होतो. पुस्तकांत वाचून मी भाविक लोकांचा जो दोष पाठ केला होता, तो हाच.

मग एक दिवस हौसाबाई कचेरीत आल्या. फेरमोजणीचा अर्ज द्यायला. फेरमोजणीला आमच्याकडे निमताना म्हणतात. वरचा अधिकारी येऊन आमची मोजणी तपासतो. मोजणीनंतर आप्पांनी विहिरीच्या पलीकडून काट्यांची वई घातली होती. “पाणी शेंदून न्या की, म्या कवा न्हाई म्हणलो? फकस्त मोटार काढा,” असं ते म्हणाले होते. मोटारीवाचून मळा म्हणजे हळूहळू मरणच. कांद्याचं रोप तर आताच वाळलं होतं.

अर्ज देऊन झाल्यावर त्या माझ्या टेबलापाशी आल्या. भांडायला आल्या असतील म्हणून मी कागद चाळायला लागलो.

“सायेब, एक सांगू का? तुमी माझ्या देवाला हसला, त्याचं काय न्हाई. माझा पोरगाबी हसतोय. पर तुमी बघितलं न्हाई.”

“काय बघितलं नाही?”

“त्येच की. बघितलंच न्हाई.”

आणि त्या गेल्या. मामा ओट्यावर साखळी पुसत होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं, पण मान वर केली नाही. मला एकदम वडील आठवले. ‘जाऊन बघ’ म्हणणारे वडील. मी दहा पावलांवर होतो आणि गेलो नव्हतो.

त्याच दुपारी मी वरिष्ठांना लेखी कळवलं, की माझ्या मोजणीत अर्ध्या साखळीचा फरक आला होता आणि तो मी नोंदवला नाही. त्याचं जे व्हायचं ते झालं, गोपनीय अहवालात शेरा आला. पण त्या दिवशी बऱ्याच दिवसांनी मला नीट जेवण गेलं.

निमताना मोजणीला मोठे साहेब आले, तेव्हा मी मागे उभा होतो. या वेळी सुरुवात नाल्याकडून झाली. नाल्याच्या दगडाशी उकरलं, तर तो कमरेएवढा खोल रुतलेला, बुडाशी जुने मोजणीदार खुणेसाठी पुरत तो कोळसाही सापडला. हलल्याचा प्रश्नच नव्हता. तिथून दहा साखळ्या. मामा मातीला हात लावून निघाले. दहावी साखळी पडली ती म्हसोबाच्या बुडाशी, वीतभर इकडेतिकडे.

आप्पा पुढे आले. “देवापाशी आली म्हून देवच कोपरा कसा? उद्या कुनीबी कुटल्याबी दगडाला शेंदूर फासंल. त्यो काय पुरावा झाला व्हय?”

खरं सांगतो, वाक्य बिनतोड होतं. माझंच होतं.

मोठे साहेब म्हणाले, “बरोबर आहे. मग शेंदराखाली काय आहे ते बघू.”

आप्पांचा चेहरा बदलला. “न्हाई न्हाई. देवाला हात लावायचा न्हाई. गावावर कोप व्हईल.” मग त्यांची नजर माझ्याकडे वळली. “आन् तुमी तर मुळीच लावू नका.”

त्या ‘तुमी’मध्ये काय होतं, ते तिथल्या प्रत्येकाला कळलं.  मी बाभळीच्या शेंड्याकडे पाहत राहिलो. अशा वेळी कुठे पाहायचं, ते लहानपणापासून अंगवळणी पडलेलं असतं.

हौसाबाईंनी पदर खोचला. “आप्पा, आत्ताच म्हणला न्हवं, कुनीबी शेंदूर फासंल? मंग पुसाया काय भ्या? एकतर देव म्हणा, न्हाईतर दगड म्हणा. दोन्ही खिशात घालून फिरू नगा.”

कुणीतरी मागे हसलं. आप्पा म्हणाले, “वैनी, तुमाला देवाचं भ्या न्हाई?”

“हाय की. म्हून तर म्हणतीया. माझा देव खरा असंल, तर बघितल्यानं त्येचं काय जातंय? आन् खोटा असंल, तर इतकी वर्सं म्या तेल कशापायी घालतीया, त्ये मला कळू तरी दे.”

मी नोकरीत आणि पुस्तकांत पुष्कळ युक्तिवाद ऐकले-वाचले. इतका सरळ दुसरा आठवत नाही. ज्या बाईचं सगळं त्या दगडावर होतं, विहीरही आणि देवही, ती स्वतः म्हणत होती, बघा. माझं तर काहीच जाणार नव्हतं, आणि मी बघितलं नव्हतं.

शेंदराचा थर फार जाड झाला की तो सुटतो किंवा सोडवतात. देवाने कवच टाकलं, असं म्हणतात. ते कसं काढायचं, मामांना माहीत होतं. हौसाबाईंनी तीन दगडांची चूल मांडून तेल कोमट केलं. मामांनी नमस्कार केला, चांदीचे डोळे काढून हौसाबाईंच्या ओंजळीत दिले. कडेकडेने तेल सोडलं, अर्धा तास जाऊ दिला आणि कुदळीच्या लाकडी दांड्याने हलके हलके ठोकायला सुरुवात केली. पहिला पापुद्रा निघाला. मग दुसरा. मग हाताच्या पंजाएवढी जाड खपली निघाली. तिच्या कडेला थर दिसत होते, कापलेल्या खोडातल्या वर्तुळांसारखे, एकावर एक, मोजता न येण्याइतके.

खाली चौकोनी, घडीव दगड होता. माथ्यावर अजून शेंदराचा पातळ पापुद्रा. मामा थांबले.

हौसाबाई मला म्हणाल्या, “सायेब, आता तुमी बघा.”

“मी कशाला? मोठे साहेब आहेत.”

“तुमीच. आमी बघितलं, तर लोक म्हणत्याल, बाईला देवानं दावलं. तुमचा इस्वास न्हाई. तुमाला दिसलं, तर त्ये हायच.”

मी आप्पांकडे पाहिलं नाही. खाली बसलो. मामांनी तेलाचं फडकं माझ्या हातात दिलं. देव म्हणवणाऱ्या वस्तूला मी आयुष्यात पहिल्यांदाच असा तळहात लावत होतो. दगड तेलाने कोमट झाला होता. मी पापुद्रा पुसला. बोटाखाली आधी खाच लागली आणि मग डोळ्यांना दिसली. छिन्नीने मारलेली फुली. दोन रेषा, जिथे एकमेकींना छेदतात तो बिंदू म्हणजे कोपरा. टिपणातला. मी ‘मिळून आला नाही’ म्हणून लिहिलेला.

“आहे,” मी म्हणालो. 

मोठ्या साहेबांनी वाकून पाहिलं आणि लिहायला घेतलं. आप्पांनीही वाकून फुली पाहिली. मग टोपी काढून डोकं खाजवत म्हणाले, “रस्ता रुंद झाला, तवा आमच्या आबांनी रस्त्याकडचं दोन्ही दगड आत घेतलं हुतं. म्या बारका हुतो. आत्ता ध्यानात आलं.” मी पक्के धरलेले ते हेच दोन दगड, आणि अर्धी साखळी तिथेच गेली होती.

“देवानं आठवण करून दिली म्हणायची,” हौसाबाई म्हणाल्या.

या वेळी सगळेच हसले, आप्पासुद्धा. संध्याकाळपर्यंत वई निघाली. निघताना चहा दोन्ही घरून आला, तो हाच प्रसंग.

जाण्याआधी हौसाबाई उघड्या दगडाशी उभ्या होत्या, ओंजळीत चांदीचे डोळे घेऊन. मला म्हणाल्या, “आता ह्येला शेंदूर लावू का नगं, सायेब? आत तर तुमचा दगड निघाला.”

नास्तिक माणसाला विचारायला हा चमत्कारिक प्रश्न. वडील असते तर काय म्हणाले असते, कोण जाणे. मी जरा विचार करून म्हणालो, “लावा. पण फुलीवर नका लावू. तेवढी मोकळी ठेवा, म्हणजे पुढच्या माणसाला बघता येईल.”

फलाटावर मामांनी विचारलं, “देव निघाला का दगड निघाला, साहेब?”

“दगड निघाला, मामा.”

“बरं झालं. जाग्यावर निघाला न्हवं?” आणि ते तंबाखू मळायला लागले.

मी तेव्हाही नास्तिक होतो आणि आजही आहे. त्या दगडात म्हसोबा होता, असं मला वाटत नाही. रस्त्याकडचे दगड माणसांनी सोयीने हलवले आणि हा हलला नाही, याचं कारण लोकांची भीती आणि भक्ती. दगडाची काही करामत नव्हे. पण त्या भक्तीने एक खरी गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या जागच्या जागी सांभाळली होती. मोजणारा माणूस असून मी तिला साखळी लावायला नकार दिला होता. श्रद्धेला बुद्धीने किती मान द्यावा, असं कुणी विचारलं, तर मी म्हणतो, जवळ जाऊन तपासण्याइतका. तपासल्यावर कधी जात्याचं पाळं निघेल, कधी फुली निघेल. लांबून हात जोडणारा आणि लांबून हसणारा, दोघांनाही ते कळत नाही. हे मला पुस्तकांनी शिकवायला हवं होतं. शिकवलं तेल घालणाऱ्या एका बाईने, आणि रोज सकाळी साखळी तपासणाऱ्या मामांनी.

मामांच्या दहाव्याला मी घाटावर गेलो होतो. विधीत भाग घेतला नाही, पण शेवटपर्यंत उभा राहिलो. मामांनी यापेक्षा जास्त मागितलं नसतं. खरं तर एवढंही मागितलं नसतं.

तिथून परतताना खुटबावला उतरलो. का उतरलो, ते सांगता येत नाही. वाडीपर्यंत आता डांबरी रस्ता आहे. हौसाबाई जाऊन काही वर्षं झाली. त्यांची सून मळ्यात कांदा खुरपत होती, विहिरीवर मोटार चालू होती. मी कोण ते सांगितलं नाही. मोजणी खात्यात होतो, एवढंच म्हणालो.

बाभळीखाली म्हसोबा होता. पुन्हा केशरी झालेला, थर चढलेला, डोळे जागेवर. पण माथ्यावर हाताच्या ओंजळीएवढी जागा उघडी होती, आणि तिच्यात फुली. कडेचा शेंदूर इतका जाड झाला होता की फुली लहानशा खळग्यात बसल्यासारखी दिसत होती.

“इथे शेंदूर नाही लावत?” मी विचारलं.

“न्हाई. पाप लागतंय,” ती म्हणाली.

मला हसू आलं. नास्तिक माणसाने आयुष्यात एक रूढी सुरू केली आणि तिला पापपुण्यही चिकटलं. तिला खरं कारण सांगावं म्हणून मी तोंड उघडलं, तेवढ्यात तीच पुढे म्हणाली, “आत्याबाई सांगायच्या, ही बघायची जागा हाय. देव झाला तरी बघायची जागा झाकायची न्हाई.”

मग मला काही सांगायचं उरलं नाही.

हे मामांना सांगायला हवं होतं. ते नव्हते, म्हणून जे त्यांनी केलं असतं, ते मी केलं. जुना चुकीचा कोपरा मी जिथे बसवला होता, ती जागा मला अजून डोळे मिटून दाखवता येते. आता तिथे कांद्याचे वाफे आहेत. तिथून म्हसोबापर्यंत मी मामांच्या चालीने चालत गेलो, मोजत. वाफे तुडवू नयेत म्हणून जपून. सहा पावलं, आणि वर थोडं.

अर्धी साखळी जागेवर होती.